धुतल्यानंतरचे हात

"यातल्या हर्षदा कोण?"

नवजात बाळांच्या काचेच्या खोलीबाहेरच्या बाकावर आम्ही आया दाटीवाटीनं बसलो होतो. समोर पांढरा कोट घातलेली, माझ्याच वयाची एक डॉक्टर उभी होती. तिच्यामागे इन्चार्ज एस्तेर सिस्टर, हाताची घडी घालून. मी शाळेत करतात तसा हात वर केला.

"मी डॉक्टर नौशीन मुल्ला. खालच्या लॅबमध्ये असते. परवा तुम्हा सगळ्यांच्या हातांवरून कापूस फिरवून नेला होता ना, त्याचा रिपोर्ट आलाय." तिनं हातातला कागद उलटला. "आतल्या दोन बाळांच्या रक्तात जो जंतू सापडला, तोच तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या हातांवर आहे. तुमच्या हातांवर सगळ्यात जास्त."

मला हसूच आलं. "काहीतरी चुकलंय मॅडम. सारिकाचा असेल तो."

"माझा गं का?" शेजारची सारिका उसळली. तिच्या पदराला सकाळच्या चटणीचा डाग होता आणि केसांत कालचा गजरा.

"सारिका पाटलांचे हात स्वच्छ आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

बाकावर एकदम गलका झाला. सारिकाचे हात स्वच्छ आणि माझे घाण? मी दूध संघाच्या लॅबमध्ये कामाला. गावोगावचं दूध आलं की त्यात काय वाढतंय ते बघणं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. या खोलीत शिरण्याआधी बांगड्या, अंगठी काढून, बेसिनवर साबणानं कोपरापर्यंत हात धुवायचे, असा नियम होता. बाकीच्या एकदा धुवायच्या, मी दोनदा धुवायचे. नखांच्या आतून, बोटांच्या बेचक्यांतून. सारिका मला धोबीण म्हणायची. "आली बघा धोबीण, सरका, तिचं धुणं निघालं!"

आता ती धोबीण सगळ्यांच्या नजरेत आली. जंतू सापडलेल्या दोघांपैकी कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीतलं बाळ ज्या बाईचं होतं, ती माझ्याकडे बघत होती. काही बोलली असती तर बरं झालं असतं.

एस्तेर सिस्टर पुढे झाल्या. "हे बघा, आमच्या सगळ्या सिस्टरांचे आणि डॉक्टरांचे हात तपासलेत. एकाच्याही हातावर काही नाही. म्हणजे हे बाहेरून येतंय. त्यामुळे कारण सापडेपर्यंत कुठल्याही आईनं आत यायचं नाही. काढलेलं दूधही पाठवायचं नाही."

"दूधसुद्धा?" मी उभी राहिले. "मग आमचं दूध?"

"तूर्त ओतून टाका."

"सिस्टर, आज दुपारी माझ्या बाळाला माझ्या छातीशी देणार होता तुम्ही! काल तुम्हीच म्हणालात ना!"

"म्हणाले होते," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "आणि हर्षदा, तुझं बाळ सकाळपासून जरा मलूल आहे. दूध पचत नाहीये. रक्त तपासायला पाठवलंय. घाबरू नकोस, पण आत येऊ नकोस."

माझी मुलगी दिवस भरायच्या खूप आधी आली होती. साखरेच्या पुड्याएवढी. पायाला पट्टी बांधलेली, तिच्यावर लिहिलेलं, हर्षदाचं बाळ. बारसं झालेलं नव्हतं, म्हणून तेच तिचं नाव. जन्मल्यापासून मी तिला फक्त पेटीच्या गोल भोकातून बोट लावलं होतं. आणि आता कळत होतं की ते बोटच... पुढचं मला मनातसुद्धा म्हणवेना.

मी उठले आणि तडक बेसिनकडे गेले. का गेले, सांगता येणार नाही. हात घाण आहेत असं सांगितल्यावर माणूस दुसरं काय करतो? धुतो. मी साबणाच्या बाटलीवर जोरात दाबलं. फुस्स करून हवा आली.

"गिरजामावशी, साबण संपला!"

गिरजामावशी त्या खोलीची झाडलोट बघायच्या. कपाळाला आडवं कुंकू, साडीचा काष्टा, चालणं घोड्यासारखं. फडकं खांद्यावर टाकून आल्या आणि आधी मला रागावल्या.

"संपला म्हणू नगंस, बाई. लेकराबाळांच्या दारात असं अशुभ बोलत्यात व्हय? वाढला म्हणावं."

"बरं, वाढला."

"आन् रडू नगंस. डोळं कोरडं कर. पोरगी तुझी लई चिवट हाय, मी बघती की रोज." बोलता बोलता त्यांनी बाटलीचं टोपण फिरवून काढलं, मोठ्या कॅनमधला साबण मगात घेतला, त्यात थोडं पाणी घालून हलवलं, आणि बाटलीत ओतायला लागल्या.

माझं लक्ष बाटलीच्या तळाकडे गेलं. तळाशी आधीचा साबण होता, चमचा-दोन चमचे. त्याच्यावर नवा साबण पडत होता, आणि आतल्या नळीला चिकटलेलं पातळ बुळबुळीत काहीतरी त्या धारेनं हलत होतं.

"मावशी, बाटली धुतली नाहीत?"

"ती कशाला धुवायची? साबणाचीच बाटली हाय."

"नाही, म्हणजे... आतला जुना साबण काढून, विसळून..."

"अगं, रिकामी हूच देत न्हाई मी तिला! माझ्या सासूनं शिकवलंय. पिठाचा डबा असूं दे, मिठाची बरणी असूं दे, तळ दिसायच्या आत वरनं घालायचं. घरात भरलेपण राहतं. ही बाटली लागल्यापास्नं एकदाबी रिकामी झाली न्हाई बघ." बाटलीच्या पोटावर त्यांनी कौतुकानं थाप मारली. "आतल्या बेसिनला त्या बंद पुड्या लावत्यात, मशीनमधी. त्याला हात लावू देत न्हाईत मला. पण ही माझी."

मी तिथंच उभी राहिले. कुठंतरी काहीतरी खट्कन बसलं.

आमच्या संघात नवीन मुलगा कामाला आला की पहिल्या दिवशी त्याला एकच गोष्ट सांगतात. कॅनच्या तळाला कालचं दूध असेल तर त्यावर आजचं ओतायचं नाही. थेंबभरही नाही. कालचं थोडं आजच्या भरपूरला आपल्यासारखं करून टाकतं. आणि हे काय संघातच शिकायचं असतं का? आपण रोज संध्याकाळी घरात मुद्दाम तेच करतो की. कालच्या दह्याची कवडी आजच्या दुधात!

"मावशी," माझा आवाज चढला, "तुम्ही साबणाला विरजण लावताय!"

"काय लावतीया?"

पण मी ऐकायला थांबले नव्हते. मी जिन्याकडे निघाले होते. निघाले म्हणजे पळत सुटले होते. मागून सारिकाची हाक आली, "अगं टाके! टाके उसवतील, हर्षे! थांब, मी पण येते!"

लॅब तळमजल्यावर होती. नौशीनमॅडम सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या होत्या. आम्ही दोघी दारात धापा टाकत उभ्या, मी पोट धरून, सारिका माझा दंड धरून.

"मॅडम, परवा आमचे हात तपासलेत ते धुवायच्या आधी की धुतल्यानंतर?"

त्यांनी मान वर केली. "नंतर. मुद्दाम. धुतल्यावरही जे राहतात तेच बाळापर्यंत जातात ना."

"सिस्टर लोक कुठल्या बेसिनवर धुतात?"

"आतल्या."

"आणि आम्ही?"

"बाहेरच्या," त्या म्हणाल्या, आणि खुर्चीवरून हळूहळू उठल्या. "पण ते मी बघितलंय, हर्षदा. बाहेरच्या नळाचा स्वॅब घेतला, पाण्याचा घेतला, बेसिनच्या जाळीचा, दाराच्या मुठीचा, तुम्ही बसता त्या बाकाचा पण घेतला. काही नाही मिळालं."

"साबणाचा?"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्यानं हसल्या. "या अल्ला! साबणाचा नाही घेतला."

मी घाईघाईनं बाटली, तळ, ओतणं, कॅन, विरजण सगळं सांगितलं. वाक्यं एकमेकांत अडकत होती. त्यांचे डोळे मोठे मोठे होत गेले. "पाणी घालून पातळ केलेला साबण! त्यात तो जंतू मजेत राहील. आणि तुम्ही सगळ्यात जास्त धुता, म्हणून तुमच्या हातांवर सगळ्यात जास्त! बरोबर. बरोबर बसतंय. पण मग," त्या सारिकाकडे वळल्या, "तुमचे हात स्वच्छ का?"

सारिकानं पदर बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. "आता कसं सांगू?"

"सांग की गं!"

"सिस्टरांना सांगू नका हां, मॅडम. मला तो साबण झोंबतो ओ. हात फुटतात. मी आपली नुसतं पाणी घेते आणि चोळल्यासारखं करते. सिस्टर बघतात तेवढ्यापुरतं."

मी तिच्याकडे बघतच राहिले. "म्हणजे इतके दिवस मला धोबीण म्हणत होतीस आणि स्वतः..."

"मी कुठं म्हटलं मी धुते म्हणून?"

आम्ही तिघी हसत सुटलो. वर माझं बाळ मलूल पडलेलं, आणि मी खाली हसत होते. आज लिहितानाही ते हसू मला आठवतं. त्यात आनंद नव्हता. अंधारात चाचपडताना हाताला भिंत लागावी, तसं काहीतरी होतं.

"अंदाज पुरेसा नाही," नौशीनमॅडम म्हणाल्या. "दाखवता आलं पाहिजे. चला."

बाहेरच्या बेसिनपाशी तमाशा जमला. मॅडम हातमोजे घालून, मेज मांडून, छोट्या गोल काचेच्या बश्या ओळीत ठेवून उभ्या. त्या बश्या मला माहेरच्या भांड्यांसारख्या ओळखीच्या. तळाशी खिरीसारखा थर, त्यावर बोट टेकवायचं, झाकण लावून उबेत ठेवायचं. जे असेल ते दुसऱ्या दिवशी ठिपके होऊन उगवतं.

एस्तेर सिस्टर आतून आल्या. "हे काय चाललंय?"

मॅडमनी सांगितलं. सिस्टरांच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या.

"साबणात जंतू? उद्या म्हणाल, पाण्याला आग लागली."

"म्हणूनच बघायचंय, सिस्टर. हर्षदाचे हात धुवायच्या आधी एका बशीत, धुतल्यावर दुसऱ्या बशीत."

"तिच्या हातांवर आधीच आहेत. त्यानं काय सिद्ध होणार?"

मला वाटलं, झालं, संपलं. आणि सिस्टरांचं म्हणणं खोटं नव्हतं.

तेव्हा सिस्टरांनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

"माझे घ्या," त्या म्हणाल्या. "माझे हात स्वच्छ आहेत, तुम्हीच लिहून दिलंय. आधीचे घ्या. मग मी इथं धुते, या साबणानं. म्हणजे एकदाचं मिटेल आणि तुम्ही मुली आपापल्या कामाला लागाल."

त्यांनी बोटं बशीवर टेकवली. मग बाटलीवर दाबलं, आणि कसे हात धुतले म्हणून सांगू! तळवे, तळव्यांची मागची बाजू, बेचके, अंगठे, नखं, मनगटं. आम्ही नुसत्या बघत होतो. तीस वर्षं ज्या बाईनं बाळांना हात लावलाय तिचं ते धुणं. मग पुन्हा बोटं टेकवली, दुसऱ्या बशीवर. मॅडमनी साबणाचा एक थेंबही तिसऱ्या बशीत घेतला. आत जाताना सिस्टर सवयीनं आतल्या बेसिनवर पुन्हा हात धुऊन गेल्या.

गिरजामावशी दाराआड उभ्या होत्या. त्यांच्या हातात अजून तो मग होता.

बाळाला रात्री ताप आला नाही, एवढंच मला पहाटे कळलं. औषध चालू केलं होतं. दूध काढायचं आणि ओतायचं. आदल्या दिवशी ओतताना मी तोंड फिरवून घेतलं होतं. त्या सकाळी मात्र मी मनातल्या मनात लेकीला म्हणत होते, थांब जरा, उद्यापासून तुझंच आहे, थांब.

दहाच्या सुमाराला खालून निरोप आला, सिस्टरांना घेऊन या.

नौशीनमॅडम बश्या पाठीमागे धरून उभ्या होत्या, लहान मुलगी बक्षीस लपवते तशा. आधी सिस्टरांची पहिली बशी पुढे केली. जवळजवळ मोकळी. इकडे एक, तिकडे दोन पांढुरके ठिपके.

"हे आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतातच. निरुपद्रवी," त्या म्हणाल्या. "आणि ही धुतल्यानंतरची."

बशी गच्च भरलेली होती. भिजवलेला साबुदाणा पसरावा तशी. बोटांचे ठसे ओळखू येत होते. त्या ठशांमध्ये दाण्याला दाणा लागलेला.

"आणि हा साबणाचा थेंब."

तिथं तर दाणेसुद्धा वेगळे दिसत नव्हते. अख्खी साय.

मी ओरडले. खरंच ओरडले. मॅडमनी माझे हात धरले आणि आम्ही दोघी, एक डॉक्टर आणि एक ओली बाळंतीण, त्या लॅबमध्ये फुगडी घालायला लागलो. "सापडला! सापडला गं!" दारातून सारिका ओरडत होती, "टाके! टाके!"

मग लक्षात आलं की एस्तेर सिस्टर हललेल्या नाहीत. त्या स्वतःच्या ठशांकडे बघत होत्या.

"हे माझे हात," त्या म्हणाल्या.

त्यांनी ती बशी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"मी या मुलींना दारात अडवून सांगत होते, धुवा, पुन्हा धुवा, नीट धुवा." त्यांनी बशी खाली ठेवली. मग आवाज बदलला, नेहमीचा झाला. "मॅडम, मोठ्या सरांना मी सांगते. आधी आयांच्या हाताला औषध लावून ते साफ करून घ्या. बाहेरच्या बेसिनची बाटली आत्ता निघेल. तिथंही बंद पुड्यांचं मशीन बसेल, आणि ते येईपर्यंत बाटली रोज रिकामी करून, धुऊन, वाळवून भरायची. आणि एक. गिरजामावशीला कुणी एक शब्द बोलायचा नाही. बाटली कशी भरायची ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं."

पण गिरजामावशींना कळायचं ते कळलंच. मी वर गेले तेव्हा त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या, पदरात तोंड घालून.

"माझ्या हातानं झालं, बाई. भरलेपणाचं बघाया गेले आन्..."

मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "मावशी, तुमच्या हातानं भरलेला साबण, आणि माझ्या हातानं आत गेला. आता दोघी मिळून निस्तरू. उठा."

"तुझी पोरगी?"

"रक्ताचा रिपोर्ट उद्या."

"मग उद्यापत्तुर मी घरी जात न्हाई," त्या म्हणाल्या, आणि खरंच गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी नौशीनमॅडम स्वतः जिना चढून आल्या. दुरूनच त्यांनी मान हलवली, आडवी. मी बाकावरून ताडकन उठले. जवळ येऊन म्हणाल्या, "काही नाही! काही उगवलं नाही रक्तात! नुसतं दूध पचायला जड गेलं होतं, बाकी काही नाही." दुसऱ्या आजारी बाळाला आणि कोपऱ्यातल्या पेटीतल्या बाळालाही औषध लागू पडलं होतं. त्या बाईनं येऊन माझा हात धरला, दोन्ही हातांनी, आणि बराच वेळ सोडला नाही.

एस्तेर सिस्टरांनी दार उघडलं. "हर्षदा. ये. आधी हात."

मी बेसिनपाशी गेले. मशीन अजून यायचं होतं. जुनीच्या ऐवजी नवी कोरी बाटली आली होती, पण ती जागेवर बसवलेली नव्हती. गिरजामावशी ती हातात धरून उभ्या होत्या. सकाळी भरली होती, दुपारपर्यंत वापरून झाली होती. त्यांनी ती घासली होती, गरम पाण्यातून काढली होती आणि उन्हात वाळवली होती.

माझ्यासमोर त्यांनी ती उलटी केली. हलवली. एक थेंब पडला नाही. डोळ्याला लावून आतून उजेडात बघितली आणि मलाही बघायला दिली. काच चकचकीत, पलीकडची खिडकी दिसत होती.

मावशींनी एकदा वर देवाकडे बघितलं, जणू आधीच माफी मागून ठेवतायत. मग अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"संपली! बघ बाई. पार रिकामी!"

मग त्यांनी तिच्यात नवा साबण ओतला, आणि माझ्या तळहातावर पहिली धार सोडली.

त्या हातांनी मी तिला घेतलं. सिस्टरांनी तिला माझ्या उघड्या छातीवर पालथं ठेवलं, वरून चादर घातली. ती आधी बेडकासारखी पाय ओढून घेत होती. मग सैल झाली. तिचा गाल माझ्या कातडीला चिकटला, आणि तिच्या नाकातून येणारा कोमट वारा मला लागला, पहिल्यांदा, काचेशिवाय.